दोघींचे भरलेत

बेबीआत्याला कुणी "एकट्याच आलात?" असं विचारलं की ती आधी चष्मा कपाळावर सरकवते, विचारणाऱ्याला नीट न्याहाळून घेते आणि मग सांगते, "हो, एकटीच. पण पैसे दोघींचे भरलेत."

हे वाक्य तिने बॅलार्ड पिअरला म्हटलंय, सिंगापूरला म्हटलंय आणि अलास्कातल्या जूनोच्या धक्क्यावर एका अमेरिकन आजीबाईंना इंग्रजीतूनही ऐकवलंय. त्या बिचाऱ्या बराच वेळ आत्याच्या मागे बघत उभ्या होत्या, दुसरी बाई कधी उतरते म्हणून.

आत्या अडुसष्ट वर्षांची आहे आणि अजून बेबीच आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाली, पार्ल्याला वन रूम किचनमध्ये राहते, लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही. आजीने एकदा विचारलं होतं. "तू केलंस ना, तेवढं पुरे," असं उत्तर मिळालं म्हणतात. निवृत्त झाल्यावर लोक हार्मोनियम शिकतात, ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं ऐकतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर जाऊन पार्किंगवरून भांडतात. आत्या बोटीवर जायला लागली. एकटी.

आता या बोटींच्या भाड्याची एक गंमत आहे. जाहिरातीत भाडं माणशी लिहिलेलं असतं, पण त्या 'माणशी'च्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. ती चांदणी पानाच्या तळाशी शोधली की कळतं, हा आकडा एका केबिनमध्ये दोघं राहणार असतील तरचा. एकट्याने जायचं तर कधी दीडपट आणि बहुतेक वेळा दुप्पट. कंपन्या याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. आत्या दंड म्हणते. "लग्न केलं नाही म्हणून इतकी वर्षं जमिनीवर कुणी दंड घेतला नाही," ती म्हणते, "तो आता समुद्रात घेतात." विमा कंपनीत जन्म काढल्यामुळे बारीक अक्षर ती आधी वाचते, मोठं नंतर. त्यामुळे तिने हेही शोधून काढलं की भाडं दोघांचं लावलं तरी बंदराचे कर आणि नोकरमंडळींची टीप मात्र एकाचीच लागते. "तिथे बरोबर मोजता येतं मेल्यांना!"

पण दंड भरून गप्प बसेल ती आत्या कसली. दोघींचे पैसे भरलेत म्हटल्यावर वसुलीही दोघींची. केबिनमध्ये दोन उशा, दोन टॉवेल, साबणाच्या दोन वड्या. जोडून ठेवलेले पलंग ती आल्याआल्या वेगळे करून घेते. एक तिचा आणि एक 'दुसरीचा'. दुसरीच्या पलंगावर इस्त्रीचे ब्लाऊज, औषधांचा डबा, हिशेबाची वही, लाडवांचा डबा आणि कोपऱ्यात लॅमिनेट केलेला गणपती. एका बोटीवर रात्री उशीवर चॉकलेट ठेवायची पद्धत होती. केबिन सांभाळणारा फिलिपिनो मुलगा पहिल्या रात्री एकच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी आत्याने त्याला दुसऱ्या पलंगाशी नेऊन रिकामी उशी दाखवली आणि दोन बोटं वर केली. पोरगं हुशार. त्या रात्री दोन चॉकलेटं तर होतीच, शिवाय टॉवेलचे हत्ती करून ठेवतात तेही दोन, एकेका पलंगावर एकेक. शेवटच्या दिवशी आत्याने त्याला दोघींच्या वतीने वेगवेगळी बक्षिसी दिली. दुसरीने जरा जास्त दिली, असं तीच सांगते.

काही कंपन्या अशा एकट्या प्रवाशाला रात्रीमागे दुप्पट पॉइंट देतात. हे कळलं त्या दिवशी तिने मला ऑफिसात फोन करून मीटिंगमधून बाहेर बोलावलं होतं.

एवढे पैसे घालवण्यापेक्षा कुणाला तरी बरोबर का नेत नाहीस, हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. याचं उत्तर चारधाममध्ये आहे. एका सहल कंपनीबरोबर ती गेली होती, तिथे तिला कोथरूडच्या एक बाई रूम पार्टनर म्हणून मिळाल्या. स्वभावाने लाख. पण पहाटे साडेतीनला उठून मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लावायच्या आणि मग अंधारात, "तुमची झोप मोडायला नको" म्हणून दिवा न लावता, बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशव्या चाचपत बसायच्या. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. कुर्रकुर्र, कुर्रकुर्र. हरिद्वारला परत येईपर्यंत आत्याला पिशव्यांचे आवाज ओळखू यायला लागले होते. आता मोज्यांची, आता कंगव्याची, आता सुक्या खोबऱ्याची. तेव्हापासून तिचा हिशेब पक्का आहे: न कुरकुरणाऱ्या रूम पार्टनरचं भाडं दुप्पट असणारच.

खोली तिला बिनखिडकीची चालते. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. तिथे बोट सर्वांत कमी हलते आणि भाडंही सर्वांत कमी. "समुद्र बघायला पैसे कशाला? बाहेर आलं की समुद्रच आहे." मात्र रात्री आत मिट्ट काळोख असतो, सकाळ झाली की नाही हेही कळत नाही. म्हणून ती टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल लावते, आवाज बंद करते आणि झोपते. उजाडलं की टीव्हीत उजाडतं. बोटीच्या भिंती पोलादी असतात, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं, तेव्हापासून बॅगेत फ्रिजला लावायची चुंबकं असतात. त्यांच्यावर भिंतभर ओला पंचा, छत्री, दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद. कागदावर लाल पेनाने खुणा: 'फुकट', 'फुकट', 'नको', 'फुकट'.

एकदाच तिचा पराभव झाला. चहाशिवाय तिचं पान हलत नाही, म्हणून ती प्रवासात विजेची छोटी किटली नेते. आगीच्या भीतीने बोटीवर किटली आणि इस्त्री आणू देत नाहीत. सामान तपासताना सापडली आणि चिठ्ठी बांधून ठेवून घेतली. सोडवायला शेवटच्या दिवशी तळमजल्यावरच्या एका खोलीपुढे रांग होती. रांगेत दारूच्या बाटल्या लपवून आणलेले चारपाच तरुण आणि मध्ये आत्या. "कशासाठी आलात?" असं एकाने विचारलं, तेव्हा तिने नुसतं, "तुमच्यासारखंच," असं सांगितलं. त्या पोरांनी तिला वाट करून दिली म्हणे.

जेवणाच्या टेबलावर एकट्या माणसाला बहुधा अनोळखी मंडळींत बसवतात. इथे आत्या खुलते. तिला गोष्टी काढून घेता येतात. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाचा मुलगा बोलत नाही, कोण तिसऱ्या लग्नाच्या हनीमूनला आलंय, हे सूप येईपर्यंत तिला ठाऊक असतं. वाढपी गोवेकर असला तर मग विचारूच नका. दर्यावर्दी नोकऱ्यांत साष्टीची, बारदेशची पोरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नावाची पाटी वाचून आत्या थेट मालवणीत सुरू होते, तो कोंकणीत उत्तर देतो आणि दुसऱ्या रात्रीपासून तिच्या ताटाशेजारी चिरलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी न मागता येते. शेजारचे गोरे त्या वाटीकडे घाबरून बघतात. एकाने एकदा चवीला एक चकती खाल्ली. पुढचे सगळे दिवस तो तिला 'मॅडम' म्हणत होता.

तिला धास्ती एकाच गोष्टीची आहे, मराठी ग्रुपची. पाचपन्नास माणसं, एका रंगाच्या टोप्या, बरोबर टूर मॅनेजर आणि चिवड्याची पाकिटं. त्यातल्या एखाद्या वहिनींनी तिला हेरलं की संपलं. "अय्या, एकट्याच? आमच्यात या ना!" यातला पहिला अर्धा तास प्रेमाचा असतो. मग कळतं की एकट्या माणसाला काम नसतं, असा समस्त कुटुंबवत्सलांचा समज आहे. "एकट्याच आहात ना, मग जरा आमचा फोटो काढा." "एकट्याच आहात ना, मग एवढ्या पर्सेस बघा, आम्ही पाण्यात जाऊन येतो." फुकेतच्या किनाऱ्यावर आत्या अशीच नऊ पर्स, चार मोबाईल आणि एक झोपलेलं मूल घेऊन बसली होती. समुद्र लांबून बघितला. संध्याकाळी त्यातल्याच एकींनी हळूच विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही का हो येत?" आत्या म्हणाली, "येतो ना. माणसं भेटली की येतो."

एकट्यांसाठी वेगळ्या खोल्या आता काही जहाजांवर असतात. २०१० साली नॉर्वेजियन एपिक नावाचं जहाज निघालं, त्यावर अशा १२८ होत्या. शंभरेक चौरस फुटांच्या, आणि खिडकी आहे ती कॉरिडॉरकडे. आत्याने फोटो बघितला आणि निकाल दिला, "ही तर चाळ झाली. जाणारायेणारा आत बघणार." पण क्वीन मेरी २ वर ती गेली. न्यू जर्सीतल्या भाच्याकडे जायचं होतं, विमानात पाय सुजतात, म्हणून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री समुद्रातून. वाटेत पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात. तिला तो हिशेब फार आवडला. पाच तास वर मिळाले, आणि तेही दंडाशिवाय. या जहाजावर २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा एकट्यांसाठी १५ खोल्या काढल्या, आणि त्याच वेळी कुत्र्यांचे पिंजरे वाढवून २४ केले. कुत्र्यांना परकं वाटू नये म्हणून एक विलायती दिव्याचा खांब आणि एक अमेरिकी पाण्याचा बंब, दोन्ही उभे केलेत. आत्याला त्या पंधरांतली एक खोली मिळाली. समुद्राकडे खिडकी, चहाची किटली कंपनीचीच, दंडाची भानगड नाही. आम्हाला वाटलं, आता ही सुखात असेल. भाच्याच्या घरी पोचल्यावर फोन आला तर आवाज पडलेला. "छान होतं रे सगळं. पण पलंग एकच. उशीही एकाच माणसाची. काही मागायला तोंडच राहिलं नाही."

त्याच जहाजावर एकट्या बायकांबरोबर नाचायला खास सभ्य गृहस्थ नेमलेले असतात. नियम कडक: सगळ्यांना सारखं नाचवायचं, एकीपाशीच घुटमळायचं नाही. मोठ्या समारंभाच्या रात्री आत्या डाळिंबी रंगाची नारायणपेठ नेसून बॉलरूममध्ये बसली होती. एक पांढऱ्या मिशांचे साहेब समोर येऊन वाकले. आत्या म्हणाली, मला फक्त फुगडी येते. फुगडी म्हणजे काय, तेही तिने खुर्चीत बसल्याबसल्या हात पुढे करून दाखवलं. साहेबांना कल्पना पसंत पडली, पण त्यांचा गुडघा बदललेला निघाला. मग वॉल्ट्झवर भागवलं. त्यांचा पत्ता आत्याच्या वहीत आहे. त्याविषयी आम्ही विचारलेलं नाही.

मध्यंतरी आम्ही सगळे तिच्याबरोबर मुंबईहून लक्षद्वीपला गेलो. म्हणजे एकाच बोटीवर गेलो. तिची अट होती, खोली वेगळी आणि दिवसभर हाका मारायच्या नाहीत. एम्प्रेस नावाचं ते जहाज १९९० चं आहे, आधी अमेरिकेकडे दुसऱ्या नावाने फिरायचं, ही माहिती तिने धक्क्यावरच दिली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. सुटण्याआधी जॅकेटं घालून कवायत असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब. लोक सेल्फी काढत होते. आत्या जाकिटाचे बंद घट्ट आवळून पहिल्या रांगेत उभी राहून भोंगे मोजत होती. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्या गोष्टी ऐकत ही पिढी वाढली. चेष्टा केलेली तिला खपत नाही. माझा मुलगा लांबून "बेबीआजी!" म्हणून ओरडला, तर म्हणाली, "इथे आजीबिजी नाही. काही हवं असेल तर रिसेप्शनला विचार."

लहानपणी ती दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडला जायची. बोट लागली की आजोबा पोरांना पुढे पिटाळायचे. धावत जाऊन डेकवर सतरंजी पसरायची, चारी कोपऱ्यांवर चार पोरं बसवायची, तेवढी जागा आपली. ती सवय गेलेली नाही. सकाळी सहाला डेकवर सावलीच्या बाजूची खुर्ची बघून तिचा पंचा पडतो आणि त्यावर चष्म्याचं रिकामं घर. नुसता पंचा असला तर अर्ध्या तासाने नोकर उचलतात. "चष्मा दिसला की वाटतं बाई इथेच कुठेतरी आहे," हे तिचं संशोधन. लक्षद्वीपला बोट लांब उभी राहिली आणि लहान होड्यांतून उतरवायला लागले, तेव्हा शहरी मंडळींची गाळण उडाली. आत्या पडावात उतरणाऱ्या सराईतासारखी लाटेचा अंदाज घेऊन, साडी एका हाताने वर धरून उतरली आणि वळून मला म्हणाली, "देवगडला ट्रंक घेऊन उतरायचो."

त्या रात्री माझ्या बायकोला बोट लागली. आम्ही वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला, बाल्कनीची खोली घेतली होती. हौस. मध्यरात्री दारावर टकटक झाली. आत्याला कुणी सांगितलं कोण जाणे, गोवेकरांपैकीच कुणीतरी असणार. तिने बायकोच्या तोंडात आलेपाकाची वडी घातली, तिला धरून खाली नेलं, दुसरीच्या पलंगावरचे ब्लाऊज, डबे, वही सगळं जमिनीवर उतरवलं आणि तिथे निजवलं. स्वतः खुर्चीत टीव्हीतला समुद्र बघत बसून राहिली. बायको सांगते, पहाटे डोळा उघडला तर आत्या हिशेबाच्या वहीत काहीतरी लिहीत होती. ते काय होतं, हे मी नंतर पाहिलं. 'दुसरीचे भाडे: वसूल.'

आम्ही नातेवाईक तिची काळजी करतो, ती फक्त लग्नकार्यात. "आत्या, अगं एकटी भर समुद्रात, काही झालं म्हणजे?" असं पंगतीत कुणीतरी काढतंच. मग ती वरणभात कालवता कालवता समजावून सांगते की बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, आणि अगदीच वेळ आली तर थंड शवागारही असतं. "सगळी सोय आहे. पार्ल्यात काय आहे?" समोरचा श्रीखंडाची वाटी खाली ठेवतो. "आणि तिथे," आत्या पुढे सांगते, "दोघांचं लावत नाहीत."

पुढच्या बोटीचं बुकिंग झालंय, नॉर्वेचं. जाताना तिला आमची एकच गरज लागते, ती झाडांपुरती. खिडकीत तुळस आहे, गवती चहा आहे, कढीलिंबाची एक हट्टी कुंडी आहे. तुळशीला रोज पाणी, बाकीच्यांना दिवसाआड, कढीलिंबाला आठवड्यातून एकदा आंबट ताक. सूचनांचा कागद स्वयंपाकघरात चुंबकाने लावलेला असतो. आम्ही ठाण्याला राहतो, दादरला गाडी बदलून रोज पार्ल्याला जायचं म्हणजे जीव जातो. तर पार्ले पूर्वेला राहणाऱ्या कुणाला पंधरा दिवस जमणार असेल तर कृपा करून कळवावं. चहा करून घ्यायला हरकत नाही. किटली ओट्यावर आहे, चिठ्ठी बांधलेलीच. फक्त डबे होते तिथेच ठेवा, ती आल्यावर बघते.